भागाकारातली बाकी

४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, बहुतेकांचं लक्ष बारामतीकडे होतं. माझं धुळ्याकडे. धुळ्यात माझं कुणी नाही, तिथल्या उमेदवारांशी काही घेणंदेणंही नाही. पण मतदारसंघांचे नकाशे उघडून बसायची मला जुनी खोड आहे, आणि राज्यातल्या अठ्ठेचाळीस लोकसभा मतदारसंघांत मला सगळ्यात बोलका वाटतो तो धुळ्याचा नकाशा.

आपल्याकडे हिशेब सरळ आहे. विधानसभेच्या जागा २८८, लोकसभेच्या ४८, म्हणजे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून एक लोकसभा मतदारसंघ. धुळे लोकसभेत धुळे शहर, धुळे ग्रामीण आणि शिंदखेडा हे तीन धुळे जिल्ह्यातले. मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण हे तीन शेजारच्या नाशिक जिल्ह्यातले. त्या दिवशी भाजपचे सुभाष भामरे सहापैकी पाच ठिकाणी पुढे राहिले. सहाव्या ठिकाणी, मालेगाव मध्यमध्ये, काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना १,९८,८६९ मतं पडली आणि भामरेंना ४,५४२. पाच ठिकाणी मिळून जमलेली एक लाख नव्वद हजारांच्या आसपासची आघाडी एकट्या मालेगाव मध्यने फेडून टाकली, आणि वर ३,८३१ मतं उरली. बच्छाव खासदार झाल्या.

पुढे कित्येक महिने या आकड्यांवर भाषणं झाली. मालेगावच्या मतदारांनी एकगठ्ठा मतदान केलं म्हणून त्यांना नावं ठेवली गेली, तर दुसऱ्या बाजूने त्यांची पाठ थोपटली गेली. एकगठ्ठा मतदान या राज्यात कोण करत नाही, असं मला तेव्हाही विचारावंसं वाटत होतं, पण ते राहू द्या. मला पडलेला प्रश्न जरा निराळा होता. मालेगाव मध्य धुळ्याला जोडला कुणी, आणि कशासाठी?

त्याचं उत्तर इतकं रूक्ष आहे की ऐकणाऱ्याचा हिरमोड होतो. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या परिसीमन आयोगाने २००१ च्या जनगणनेवरून मतदारसंघ नव्याने आखले आणि २००८ पासून ते लागू झाले. त्याआधी मालेगाव नावाचा स्वतंत्र लोकसभा मतदारसंघ होता, अनुसूचित जमातींसाठी राखीव. धुळेही राखीव होता. नव्या आखणीत नाशिक जिल्ह्याच्या वाट्याला विधानसभेच्या पंधरा जागा आल्या. त्यातल्या सहा नाशिक लोकसभेत गेल्या, सहा नव्याने जन्मलेल्या दिंडोरीत. उरल्या तीन. तिकडे धुळे जिल्ह्याच्या जागा पाच. शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यात चारच जागा, म्हणून साक्री आणि शिरपूर तिकडे देऊन नंदुरबारचे सहा पुरे केले. धुळ्यातही उरल्या तीन. इकडचे तीन आणि तिकडचे तीन जोडले, आणि धुळे लोकसभा तयार झाली. खुली.

मला तरी यात कुणाचा कट दिसत नाही. पंधराला सहाने भागलं, बाकी तीन. पण या बाकीमुळे यंत्रमागांचं मालेगाव, मोसम-गिरणा खोऱ्यातली शेतकरी गावं, बागलाणातली आदिवासी वस्ती आणि शिंदखेड्याचा कोरडवाहू पट्टा यांना दर पाच वर्षांनी मिळून एक खासदार निवडावा लागतो. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर कुणी ‘हो’ म्हटलं असतं असंही वाटत नाही.

आता त्याच सहा मतदारसंघांतला नोव्हेंबर २०२४ बघा. विधानसभेला धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा आणि बागलाण भाजपकडे गेले, मालेगाव बाह्यमध्ये शिवसेनेचे दादा भुसे निवडून आले. पाचही जागा महायुतीच्या. मालेगाव मध्यमध्ये एमआयएमचे मुफ्ती इस्माईल आले, तेही अवघ्या १६२ मतांनी. पाच महिन्यांत वारं फिरलं होतं, लाडकी बहीण योजना आली होती, उमेदवार वेगळे होते, हे सगळं खरं आहे. म्हणून नोव्हेंबर बाजूला ठेवा. जूनचीच मतं घ्या, एकही न बदलता. ती सहा वेगळ्या जागांसाठी मोजली तर भाजपच्या पाच आणि काँग्रेसची एक. एकाच जागेसाठी मोजली तर काँग्रेसची एक आणि भाजपच्या हाती भोपळा. मतदार तेच, मतं तीच, बदलतं ते फक्त कुठल्या रेषेच्या आत बेरीज करायची एवढंच.

निवडणुकीच्या भूगोलातलं सगळं मर्म मला या एका उदाहरणात सापडतं. एखादा समाज एका जागी दाटीने राहत असेल तर ती जागा त्याच्या हक्काची होते, पण तिथं जिंकायला लागतात त्याहून जास्त पडलेलं प्रत्येक मत वाया जातं. तोच समाज चार मतदारसंघांत विखुरला तर चारही ठिकाणी त्याची मनधरणी होते, पण हक्काचं एकही ठिकाण राहत नाही. नकाशा काढणाऱ्याच्या हातात या दोनच युक्त्या असतात. नको असलेली मतं एका ठिकाणी कोंबायची, नाहीतर सगळीकडे पसरून पातळ करायची. बाकी सगळं यांचंच मिश्रण. मालेगाव मध्य विधानसभेसाठी कोंबलेला आहे, म्हणून तिथं जूनसारखी एक लाख चौऱ्याण्णव हजारांची आघाडी घेतली तरी एकच आमदार मिळतो. लोकसभेसाठी त्याच दाटीला मोल येतं.

मात्र इथंच थांबून ‘रेषा निकाल ठरवते’ असं म्हणून टाकणं मला पटत नाही. याच सहा मतदारसंघांनी, याच सीमांच्या आत, २००९ मध्ये भाजपचे प्रताप सोनवणे निवडून दिले होते. २०१४ ला आणि २०१९ ला भामरे. २०१९ चं त्यांचं मताधिक्य तर दोन लाखांच्या वर होतं. मालेगाव तेव्हाही तिथंच होतं. रेषेने पंधरा वर्षं एक शक्यता नुसती राखून ठेवली होती. ती प्रत्यक्षात यायला उमेदवारांची संख्या, कांद्याचे भाव, आघाड्या, मतदानाची टक्केवारी असं बरंच काही जुळून यावं लागलं. ज्याला आपण ‘लाट’ म्हणतो तिच्यापुढे नकाशा चालत नाही. लाट ओसरली, लढत अटीतटीची झाली, की तो कामाला येतो.

भागाकारातल्या बाकीची ही कथा धुळ्यापुरती नाही. पुणे जिल्ह्याच्या विधानसभेच्या जागा एकवीस. पुणे, बारामती आणि शिरूर या तीन लोकसभा मतदारसंघांना सहा-सहा देऊन तीन उरतात: मावळ, चिंचवड, पिंपरी. घाटाखाली रायगड जिल्ह्यातले पनवेल, कर्जत आणि उरण घेतले आणि मावळ लोकसभा झाली. बोरघाट मधोमध. वरचा पिंपरीतला कामगार आणि खालचा उरणचा आगरी-कोळी यांचा खासदार एकच, आणि त्याने प्रचाराला दिवसातून दोनदा घाट चढा-उतरायचा. रायगडच्या सात जागांतल्या तीन अशा वर गेल्यावर चार राहिल्या. म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातले दापोली आणि गुहागर रायगड लोकसभेला जोडले. रत्नागिरीच्या राहिलेल्या तीन जागा सिंधुदुर्गाच्या तीन जागांना मिळाल्या. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या वाढली, म्हणून गुहागरचा माणूस रायगडचा खासदार निवडतो! मधले सगळे दुवे जोडत गेलं की हे खरंच इतकं सरळ आहे.

गुहागरचं नाव आलं तर तिथली २००९ ची विधानसभेची लढत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण आपल्या पुढाऱ्यांनाही मतदारसंघ पुनर्रचनेचा अर्थ मी समजते तिथं कळला. रत्नागिरी जिल्ह्यात आधी विधानसभेच्या सात जागा होत्या. नव्या आखणीत पाच झाल्या. खेड आणि संगमेश्वर ही नावं पुसली गेली, खेड तालुका दापोली आणि गुहागर यांच्यात वाटला गेला. खेडचे आमदार रामदास कदम त्या वेळी विधानसभेतले विरोधी पक्षनेते होते. पक्षनेते राहिले, मतदारसंघ राहिला नाही. युतीत गुहागर भाजपचा. नातू घराण्याची तिथं जुनी पकड. शिवसेनेने तो कदमांसाठी मागून घेतला, तेव्हा भाजपचे विनय नातू अपक्ष उभे राहिले. दोघांच्या भांडणात राष्ट्रवादीचे भास्कर जाधव निवडून आले. विरोधी पक्षनेत्याला पाडायला विरोधकांना फार काही करावं लागलं नाही. दोन जागा कमी झाल्या एवढंच.

तसंच रामदास आठवल्यांचं. पंढरपूर हा राखीव लोकसभा मतदारसंघ, ते तिथले खासदार. २००८ ला पंढरपूर नकाशावरून गेला. पलीकडे नगर जिल्ह्यातला कोपरगाव मतदारसंघ, बाळासाहेब विखे पाटलांचा, तोही गेला, आणि त्या भागात शिर्डी नावाचा नवा मतदारसंघ आला, अनुसूचित जातींसाठी राखीव. एकाचं घर पाडलं आणि दुसऱ्याच्या अंगणात नवं बांधून दिलं. आठवले शिर्डीत उभे राहिले आणि शिवसेनेच्या भाऊसाहेब वाकचौरेंकडून हरले. मुकुल वासनिकांना मात्र बदल लाभला. बुलढाणा खुला झाला म्हणून ते राखीव झालेल्या रामटेकला गेले आणि जिंकले. लातूर, सोलापूर, अमरावती यांवरही ‘आरक्षण पडलं’. कार्यकर्त्यांच्या तोंडी हाच शब्दप्रयोग असतो, वीज पडावी तसा.

लोकसभेचं आणि विधानसभेचं आरक्षण मात्र चिठ्ठ्या टाकून पडत नाही. अनुसूचित जमातींच्या जागा त्यांचं लोकसंख्येतलं प्रमाण सर्वाधिक असेल तिथं ठेवायच्या. अनुसूचित जातींच्या जागा राज्याच्या वेगवेगळ्या भागांत वाटून, शक्यतो प्रमाण तुलनेने जास्त असेल तिथं. या ‘वाटून’ आणि ‘शक्यतो’ या दोन शब्दांत आयोगाला भरपूर मोकळीक मिळते. मुस्लिम लोकसंख्या मोठी असलेले काही मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव होतात, त्यामुळे तिथल्या मुस्लिमांना उमेदवारीच करता येत नाही, ही तक्रार सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवली होती. या तक्रारीवर दाद कुठे मागायची हा पुढचा प्रश्न. उज्जैन राखीव झाला म्हणून तिथले मेघराज कोठारी न्यायालयात गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये सांगितलं की आयोगाचा आदेश राजपत्रात आला की त्याला कायद्याचं बळ येतं, आणि घटनेच्या ३२९ व्या कलमामुळे त्याला न्यायालयात आव्हान देता येत नाही. २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने हे दार जरा किलकिलं केलं: आदेश उघडउघड मनमानी असेल, घटनेच्या मूल्यांशी विसंगत असेल, तर न्यायालय लक्ष घालू शकतं. तरी व्यवहारात नकाशा छापून आला की विषय संपतो. दर पाच वर्षांनी पडू शकणाऱ्या आमदाराला आपण इतकं घाबरतो, आणि वीस-वीस, तीस-तीस वर्षं न हलणाऱ्या रेषेची चर्चा छापखान्यात जाईपर्यंत कुणी करत नाही.

हे सगळं हलतं कशाने, तर माणसांच्या हलण्याने. नकाशांपेक्षा जनगणनेचे तक्ते मला जास्त अस्वस्थ करतात ते त्यामुळे. २००१ आणि २०११ या दोन जनगणनांमध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. मुंबई शहर जिल्ह्याचीही घटली, साधारण ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून एक कोटी दहा लाखांवर गेला. आकडे नुसते शेजारी ठेवले तरी कोकणातून परळ-लालबागला आलेली आणि गिरण्या बंद पडल्यावर तिथून डोंबिवली, दिवा, विरारला गेलेली घरं डोळ्यांपुढे येतात. प्रतिनिधित्व त्यांच्यामागून गेलं, एक पिढी उशिरा. २००८ च्या आखणीत रत्नागिरीच्या सातच्या पाच झाल्या, सिंधुदुर्गाच्या चारच्या तीन, मुंबई शहराच्या सतराच्या दहा. अविभाजित ठाणे जिल्ह्याच्या तेराच्या चोवीस.

मुंबईच्या पुसल्या गेलेल्या मतदारसंघांची यादी वाचताना मला दर वेळी थांबायला होतं. दादर, परळ, नायगाव, माझगाव, चिंचपोकळी, खेतवाडी, नागपाडा, उमरखाडी, माटुंगा, ऑपेरा हाउस. दादरमधून आता कुणी ‘दादरचा आमदार’ म्हणून निवडून येत नाही. माझगावने छगन भुजबळांना दोनदा विधानसभेत पाठवलं आणि १९९५ ला तिथंच बाळा नांदगावकरांकडून हरवलं. राज्याच्या राजकारणाला वळण देणारी ती लढत ज्या मतदारसंघात झाली तो मतदारसंघच आता नाही. न्याय म्हणाल तर यात अन्याय काही नाही. माणसं गेली तिथं जागा गेल्या. पण कोकणात मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या गावाला रस्ता हवा, दवाखाना हवा, आणि त्यांच्या वतीने बोलणारा आमदार आता आणखी लांब राहतो. लोकसंख्या घटली म्हणून डोंगरातलं अंतर घटत नाही. समान मताच्या तत्त्वात बसत नाही अशी ही गोष्ट आहे, आणि तिचं काय करायचं यावर माझ्यापाशी तयार उत्तर नाही.

विदर्भाच्या जागाही तेव्हाच ६६ वरून ६२ झाल्या, लोकसभेच्या ११ वरून १०. तिथली लोकसंख्या वाढत होती, फक्त ठाण्या-पुण्याइतकी भरभर नव्हती. अनुशेषाची तक्रार करणाऱ्या प्रदेशाचे चार आमदार कमी झाले आणि ज्या पट्ट्यावर निधी ओढून नेल्याचा आरोप होतो त्याचे वाढले. दक्षिणेकडची राज्यं दिल्लीच्या संदर्भात आज जे म्हणतात ते विदर्भाने मुंबईच्या संदर्भात २००८ मध्येच म्हणायला हरकत नव्हती.

दक्षिणेचं म्हणणं आपल्याकडे जरा परक्या भांडणासारखं ऐकलं जातं. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्याराज्यांतल्या लोकसभेच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या. ८४ व्या दुरुस्तीने हे गोठवणं २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवलं. हेतू हा, की कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांनी त्याची शिक्षा जागा गमावून भोगू नये. १९७१ मध्ये सगळीकडे एका खासदारामागे साधारण दहा लाख माणसं होती. २०११ ला केरळात ती पावणेसतरा लाखांपर्यंत आली, तमिळनाडूत साडेअठरा, उत्तर प्रदेशात जवळपास पंचवीस, बिहारमध्ये सव्वीस, राजस्थानात सत्तावीसच्या वर. म्हणजे बिहारमधल्या माणसाच्या मताचं वजन मलबारातल्या माणसाच्या दोन-तृतीयांशाहून कमी. केरळ म्हणतं, आम्ही मुली शिकवल्या, बालमृत्यू कमी केले, त्याची किंमत मोजायची का? बिहार म्हणतो, माझं मत कमी का मोजायचं? मला दोघांचंही पटतं, आणि दोघांचं एकदम पटणं ही काही सुखाची गोष्ट नाही.

महाराष्ट्राचा आकडा साडेतेवीस लाखांच्या जवळ, देशाची सरासरी सव्वाबावीस. आपण मधोमध बसतो. निव्वळ लोकसंख्येवर वाटप झालं तर सध्याच्या ५४३ जागांत आपला फरक एखाद-दोन जागांचा. म्हणूनच हा वाद आपल्याकडे चहाच्या टपरीपर्यंत पोचत नाही असं मला वाटतं. आपलं खरं भांडण राज्याच्या आत आहे. मुंबई महानगर आणि पुणे एकीकडे, बाकीचे सगळे दुसरीकडे. पुढची आखणी जेव्हा होईल तेव्हा मराठवाडा-विदर्भातल्या पुढाऱ्यांना केरळची भाषा अचानक आपली वाटू लागेल.

नकाशाच्या लबाडीबद्दल बोलायचं तर अमेरिकेचं नाव आलंच पाहिजे, पण मी ते थोडक्यात उरकते. पक्षाच्या फायद्यासाठी वेड्यावाकड्या रेषा ओढून काढलेल्या तिथल्या त्या सरड्यासारख्या मतदारसंघाची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली आहे. तिथं बहुतेक राज्यांत विधिमंडळच सीमा आखतं, म्हणजे परीक्षार्थीच प्रश्नपत्रिका काढतो. २०१२ मध्ये विस्कॉन्सिनच्या कनिष्ठ सभागृहासाठी रिपब्लिकन पक्षाला निम्म्याहून कमी मतं पडली आणि ९९ पैकी ६० जागा मिळाल्या. २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगून टाकलं की पक्षीय फायद्यासाठी केलेली आखणी हा संघराज्याच्या न्यायालयांनी सोडवायचा प्रश्न नाही. त्या मानाने आपला आयोग सोवळा. निवृत्त किंवा विद्यमान न्यायाधीश अध्यक्ष, सोबत निवडणूक आयुक्त. राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य असतात खरे, पण त्यांना मतदानाचा आणि आदेशावर सहीचा अधिकार नसतो. शिवाय शहरांबाहेर रेषा सहसा तालुका आणि महसूल मंडळाच्या हद्दीने जातात, हव्या तशा वळवता येत नाहीत.

पण म्हणून आपल्याकडे पेन्सिल राजकारण्यांच्या हाती कधी येत नाही असं समजणाऱ्याने महापालिकांची प्रभाग रचना बघावी.

पुण्यात २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग होता. २००७ ला एक सदस्याचा. २०१२ ला दोन. २०१७ ला चार. तीन, एक, दोन, चार. या क्रमाला नागरिकांच्या सोयीचं कुठलंही तर्कशास्त्र मला आजवर कुणी समजावून सांगू शकलेलं नाही. त्या-त्या वेळी राज्यात कोण सत्तेवर होतं हे शेजारी लिहा, मग मात्र लगेच समजतं. एक सदस्याच्या लहान वॉर्डात एखाद्या वस्तीतला, चाळीतला, सोसायट्यांतला ओळखीचा माणूस अपक्षही निवडून येतो. चार वॉर्ड एकत्र केले की त्याची वस्ती पातळ होते. एवढ्या मोठ्या भागात घरोघरी जायला पैसा लागतो, माणसं लागतात, आणि मतदार यंत्रावर चार वेळा बटण दाबताना अ, ब, क, ड या चार जागांची चार नावं कुठून लक्षात ठेवणार? तो चिन्ह बघतो. मोठ्या पक्षाला हे मानवतं. लहान पक्षांना, स्थानिक आघाड्यांना, बंडखोरांना मानवत नाही. मुंबईत प्रभाग एकसदस्यीयच राहिला, तर तिथं संख्येवर खेळ झाला. महाविकास आघाडीच्या काळात २२७ चे २३६ केले, सरकार बदलल्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये परत २२७. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली होती. ओबीसी आरक्षण आणि प्रभाग रचना यांच्या न्यायालयीन वादांत जवळजवळ चार वर्षं गेली, आणि देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेचा कारभार तेवढा काळ प्रशासकाने पाहिला.

प्रारूप प्रभाग रचनेवरच्या हरकती आणि सूचनांच्या एका सुनावणीला मी मुद्दाम जाऊन बसले होते. कुठल्या महापालिकेच्या, ते सांगत नाही. सभागृह भरलेलं होतं, पण नागरिक म्हणता येतील अशी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. बाकी सगळे माजी नगरसेवक, इच्छुक, आणि त्यांनी आणलेले लोक, ज्यांच्या हातातल्या अर्जांचा मजकूर स्वल्पविरामासकट एकच होता. नियम पुस्तकात सुरेख आहेत. प्रभाग उत्तरेकडून सुरू करायचे आणि दक्षिणेला संपवायचे, सरासरी लोकसंख्येपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त फरक पडू द्यायचा नाही, जनगणनेचा प्रगणक गट, म्हणजे एका प्रगणकाकडे मोजायला दिलेला घरांचा गट, फोडायचा नाही, नदी, नाला, रेल्वेमार्ग, मोठे रस्ते यांच्या हद्दी पाळायच्या. एक निवृत्त भूमापक गृहस्थ उठले. त्यांनी पदरमोड करून मोठा नकाशा छापून आणला होता. त्यांचं म्हणणं एवढंच, की सबंध प्रभागाची हद्द नाल्याने जाते, मग एकाच ठिकाणी ती नाला ओलांडून पलीकडची वस्ती उचलते आणि परत अलीकडे का येते? तिथं पूल नाही, रस्ता नाही. समोरच्या अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, ‘नोंद घेतली आहे’ म्हणाले, आणि पुढचं नाव पुकारलं. मागच्या रांगेत कुणीतरी त्या वस्तीतल्या मतांचा आकडा पक्षनिहाय सांगितला, तोंडपाठ. अंतिम रचना आली तेव्हा हद्द नाल्यापलीकडे जाऊन आलेली तशीच होती.

त्या गृहस्थांना मी बाहेर गाठलं. चिडले वगैरे नव्हते. त्यांची तक्रार वस्ती कुणाला मिळाली याबद्दल नव्हतीच. ‘कारण लिहून द्यायला काय जातं यांचं,’ एवढंच ते दोनदा म्हणाले. मला त्यांचं हे म्हणणं कुठल्याही भाषणापेक्षा मोलाचं वाटलं, कारण पंधराला सहाने भागून तीन उरले हे कारण मालेगावकरांना आणि धुळेकरांना कुणी वेळेवर, समजेल अशा भाषेत सांगितलं असतं, तर निदान २०२४ ची अर्धी भाषणं वाचली असती. बाकी उरणारच. ती कुणाच्या पदरात, कुठल्या कारणाने टाकली, हे सांगता येतं.

पुढची आखणी नुसती जागांची नसेल. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांत महिलांसाठी एक-तृतीयांश जागा राखीव ठेवल्या, त्या पुनर्रचनेशी जोडून, आणि नंतरच्या प्रत्येक पुनर्रचनेगणिक त्या जागा फिरत्या ठेवून. तेव्हा कुठल्या राज्याला किती, राज्यात कुठल्या जिल्ह्याला किती, आणि त्यातल्या कुठल्या महिलांसाठी, अशा तिन्ही चिठ्ठ्या एकाच नकाशावर लिहिल्या जातील. आयोगाच्या सुनावण्या होतील, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर जाहिरात येईल, मुदत थोडी असेल. माझी हरकत मी आताच लिहून ठेवली आहे. मतदारसंघ कुठला का असेना, ती सगळ्यांना लागू आहे, आणि पानभरही नाही: प्रत्येक मतदारसंघाच्या आराखड्यासोबत, विचारात घेतलेले आणि नाकारलेले इतर पर्याय नकाशासह प्रसिद्ध करावेत, आणि प्रत्येक पर्याय का नाकारला त्याचं कारण मराठीत द्यावं.